काटेझाडापासून उभ्या दगडापर्यंत

माझे दाजी कातुआर यांच्याइतका हट्टी माणूस आमच्या भागात झाला नाही, आणि होऊही नये. हट्टी माणसाचं स्वतःचं जे व्हायचं ते होतं, पण घरच्यांची परवड होते. माझी ताई ब्रिका त्यांना दिली तेव्हा मी लहान होते. आई म्हणाली होती, "माणूस गरीब आहे, पण शेत एकसंध आहे." एवढ्या एका गोष्टीवर लग्न ठरलं.

शेत खरंच एकसंध होतं. दक्षिणेच्या टोकाला म्हातारं काटेझाड, उत्तरेच्या टोकाला उभा दगड, आणि मधे सरळ उतरत गेलेली जवाची जमीन. आमच्याकडे थंडी सरली की नांगराचं पहिलं तास, म्हणजे पहिली सरळ रेघ, घालतात. झाडापाशी फाळ मातीत टेकवायचा आणि दगडापर्यंत न उचलता न्यायचा. दगडापाशी शेजारीपाजारी जमलेले असतात. त्यांच्यातलं कोणीतरी विचारतं, "तास कोणाचं?" नांगरणाऱ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "माझं!" झालं, वर्षभर शेत त्याचं. आमच्यात लेखी काही नसतं. चारचौघांत विचारल्यावर जो गप्प राहिला, त्याचं शेत गेलं. माझ्या मामांचं असंच गेलं होतं, तेही तोंडात भाकरीचा घास होता म्हणून. पण ती वेगळी गोष्ट.

ताईच्या लग्नानंतर काही वर्षांतच रोमवाले दोऱ्या आणि खुंट्या घेऊन आले. त्या साली दाजींचं तास नुकतंच घालून झालं होतं, माती अजून ओली होती. सैनिकांनी शेतावर आडवी दोरी ताणली आणि दुसऱ्या दिवशी दोरीच्या कडेने दगड मांडायला लागले. माती सपाट करायचीही तसदी घेतली नाही कोणी. नांगराच्या रेघा तशाच भिंतीखाली गेल्या. आजही कोणी ती भिंत उपटली, तर खाली माझ्या दाजींची नांगरट सापडेल.

भिंत झाली, भिंतीला फाटक झालं. मग अलीकडच्या बाजूला त्यांनी एक चर खणला, एवढा खोल की त्यात बैलगाडी उभी करून वर गवत टाकलं असतं तर दिसली नसती. एका शेताचे तीन तुकडे झाले. चराच्या अलीकडे एक, चर आणि भिंत यांच्यामधला दुसरा, आणि भिंतीपलीकडे दगडाजवळचा तिसरा. मधला तुकडा सरळ सैन्याचाच झाला, तिथून त्यांचा रस्ता जायचा.

ही भिंत कशासाठी, असं मी एकदा गांबाक्सला विचारलं होतं. गांबाक्स म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, समुद्रापलीकडून आलेला, लाल मिशांचा. तो म्हणाला, "इकडे रोम, तिकडे रानटी लोक. त्यांना अडवायला."

"तिकडे माझी आत्या राहते," मी म्हटलं.

"मग तिला अडवायला," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

तोवर मी छावणीच्या वाटेवर दारू गाळायला लागले होते. जवाची दारू मला आईकडून येत होती आणि सैनिकांना तहान भरपूर. लोक नावं ठेवायचे, दाजी तर तोंडावर म्हणायचे, "वेला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तशी तू आहेस."

"दांडा काय नि काळ काय," मी म्हणायचे. "जव तुमच्याच शेतातले आहेत. मी फक्त भिजत घालते."

यावर ते पोतं उतरवून निघून जायचे. जव मलाच विकत होते ना.

पण पहिलं तास काही त्यांनी सोडलं नाही. दरसाल झाडापासून निघायचे, चराच्या काठापर्यंत यायचे, तिथे नांगर खांद्यावर घ्यायचे. चर ओलांडायची वाट फक्त छावणीपाशी होती. तेवढा लांब वळसा घालून, रस्त्याने परत आपल्या शेतासमोरच्या फाटकाशी यायचे, बैल मागे. फाटकावर नियम असा की पलीकडे लोखंड न्यायचं नाही. तलवार नाही, भाला नाही आणि नांगराचा फाळही नाही. गांबाक्स फाळ काढून ठेवून घ्यायचा. दाजी पलीकडे जाऊन नुसत्या लाकडी टोकाने माती खरवडत दगडापर्यंत जायचे. तिथे आत्याची मुलं आणि दोन-तीन म्हातारे उभे असायचे, विचारायचे, "तास कोणाचं?" दाजी म्हणायचे, "माझं!" पण आवाजात दम नसायचा. तास तुटलेलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सर्वांत जास्त.

संध्याकाळी फाळ परत घ्यायला गेलं की गांबाक्स भिंतीला पाठ लावून बसलेला. "कसला फाळ?" असं विचारायचा. मी दारूचा बुधला पुढे केला की त्याला आठवायचं. एका वर्षी गांबाक्स आजारी होता आणि दुसराच कोणी पहाऱ्यावर होता. त्याने बुधला रिकामा केला आणि फाळ दिलाच नाही. हरवला म्हणाला. त्या साली दाजींनी सगळं शेत ओकच्या लाकडी टोकाने नांगरलं. खांदे सुजले, जव बोटभर उगवले. ताई रात्री चरबी चोळायची आणि रडायची.

"जाऊ दे ना तो पलीकडचा तुकडा," ती म्हणायची. "आत्याच्या पोरांना देऊन टाका."

"दगड पलीकडे आहे," दाजी म्हणायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

मग एके दिवशी रोमवाले निघून गेले. सम्राट मेला होता, नवा आला होता आणि नव्याला नवी भिंत हवी होती, आणखी उत्तरेला. जिच्यासाठी आमची शेतं कापली, डोंगर पोखरले, ती भिंत त्यांनी जुनी चप्पल टाकावी तशी टाकली. जाताना फाटकाच्या फळ्या बिजागऱ्यांसकट काढून नेल्या. माझी गिऱ्हाइकं त्या फळ्यांबरोबरच गेली. मी रांजणापाशी बसून शिव्या देत होते आणि दाजी माझ्या दारात उभे राहून पहिल्यांदाच हसत होते.

"का ग वेला, आता कोणाला पाजणार?"

"तुम्हालाच. पण फुकट नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चर बुजवायला घेतला. लोकांना वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. चराच्या दोन्ही काठांना खणून काढलेल्या मातीचे ढीग होते, तेच परत आत लोटायचे. एकट्या माणसाचं का काम ते! ताई टोपलीने माती टाकायची. तोवर त्यांना मुलगा झाला होता, मातुगेन. आम्ही मातू म्हणायचो. ताई त्याला पाठीला बांधून टोपल्या वाहायची. पावसात, वाऱ्यात, वर्षानुवर्षं. तिचा खोकला तिथेच सुरू झाला. मी भांडले दाजींशी, नाही असं नाही. "बायको मारून शेत जोडताय," असं म्हटलं. ताईच मला ओरडली, "तुला काय कळतं? तू लग्न तरी केलंस का?"

शेवटी शेताच्या रुंदीपुरता चर बुजला. मधल्या रस्त्याची दगडी फरसबंदी दाजींनी उखडली आणि दगड नीट रचून ठेवले. फाटकाच्या कमानीखालचेही दगड काढले. कमान नांगर आणि दोन बैल जातील एवढी होती, जणू त्यासाठीच बांधलेली.

त्या वसंतात त्यांनी तास घातलं. मातू सहा-सात वर्षांचा असेल. फाळ खोल बसावा म्हणून त्याला नांगरावर वजनाला बसवलं होतं. काटेझाडापासून निघाले, बुजवलेल्या चरावरून गेले, तिथे माती मऊ होती, बैलांचे पाय रुतले, पण फाळ वर आला नाही. मग रस्ता. मग कमान. कमानीतून नांगर जाताना मातूने मान खाली घातली आणि ओरडला, "बा, आत अंधार आहे!" भिंतीच्या पोटातून तास पलीकडे निघालं आणि थेट दगडाला जाऊन भिडलं.

दोन्हीकडची माणसं जमली होती. आत्या फार म्हातारी झाली होती, तिला पोरांनी उचलून आणलं होतं. तीच म्हणाली, "तास कोणाचं?"

दाजींच्या तोंडातून शब्द फुटेना. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ताईने कोपराने ढोसलं तेव्हा ते बोलले, "माझं." आणि मग मोठ्याने, भिंतीवरचे कावळे उडतील एवढ्या मोठ्याने, "माझं!" मातू नांगरावर उभा राहून तेच ओरडत होता. मी त्या दिवशी सगळ्यांना फुकट पाजली. माझ्या आयुष्यात तेवढा एकच दिवस मी फुकट पाजली आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर काही वर्षं चांगली गेली. ताई खोकत खोकतच गेली, पण सुखाने गेली. पुढचं तिला बघायला लागलं नाही.

पुढचं असं की रोमवाले परत आले. उत्तरेची भिंत त्यांना झेपली नाही, म्हणून पुन्हा इथली हवी. बिजागऱ्या घेऊन आले, फळ्या घेऊन आले. एका सकाळी शंभर माणसांवरचा त्यांचा नायक चराच्या काठाने घोड्यावरून निघाला. जिथे जिथे चर बुजला होता तिथे तिथे थांबायचा. तसा तो बऱ्याच ठिकाणी बुजला होता, थोडा लोकांनी, थोडा गुरांनी, थोडा पावसाने. नायक सगळ्यांना एकच विचारायचा, "हे कोणी केलं?" लोक म्हणायचे, "ठाऊक नाही साहेब. आपोआप ढासळलं असेल." नायकालाही ते ठाऊक होतं, तोही मान हलवून पुढे जायचा. चर साफ करायला त्याच्याकडे माणसं होती. कोणाला फाशी द्यायची त्याला हौस नव्हती.

आमच्या शेतापाशी आला. आम्ही सगळे बाहेर उभे होतो. त्याचा दुभाष्या कंटाळलेला होता. त्याने जांभई देत विचारलं, "हे कोणाचं?"

मी दाजींकडे पाहिलं. मी दंडाला धरलं त्यांच्या. "गप्प बसा," मी पुटपुटले, "तुमच्या पाया पडते, गप्प बसा."

पण चारचौघांत विचारलं होतं ना. शेजारी होते, पलीकडून आलेली आत्याची पोरं होती. विचारल्यावर गप्प राहिलं तर शेत जातं. दाजींनी माझा हात झटकला, दोन पावलं पुढे गेले आणि म्हणाले, "माझं."

दुभाष्याची जांभई अर्ध्यात राहिली. "काय तुझं?"

"झाडापासून दगडापर्यंत. चर मी बुजवला. तास माझं आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नायकाने सैन्याचं काम मोडल्याचं कबूल करणारा पहिला माणूस पाहिला होता, त्यालाही काय करावं कळेना. सैनिकांसमोर सोडून देता येत नव्हतं. त्याने शिक्षा सांगितली, ती त्यांच्या मानाने सौम्यच: ज्याने बुजवला त्याने खणावा. स्वतः आणि घरच्यांनी.

घरचे म्हणजे मातू. तोवर चांगला अठरा-एकोणीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा झाला होता. आईने टोपल्या वाहून भरलेला चर पोराने खणला. दाजी खाली उतरायचे, पण त्यांना दहा फावड्यांत धाप लागायची. मातू मात्र बापावर चिडून खणायचा. "बा, तू गप्प का नाही बसलास?" एवढंच तो दिवसभर म्हणायचा. "सगळे बसले. तू का नाही बसलास?" मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा दोघं चराच्या दोन बाजूंना पाठ करून जेवत असायचे.

काम झालं. नायक पाहायला आला. कडा सरळ, तळ सपाट. खूश झाला. मातूकडे बघून म्हणाला, "असा खणणारा पोरगा इथे कशाला कुजवायचा?" त्या सुमारास रोमवाले आमची पोरं सैन्यात नेतच होते, आणि नेलेली पोरं घराजवळ ठेवत नसत. मातूला समुद्रापलीकडे ऱ्हाइन नदीकडे पाठवलं. जाताना तो माझ्या गळ्यात पडला. बापाच्या पाया पडला नाही, नुसता बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेला.

बळी तो कान पिळी, दुसरं काय म्हणायचं? दाजी पुन्हा वळसा घालायला लागले. म्हातारे झाले होते, नांगर खांद्यावर पेलत नव्हता, ओढत न्यायचे. फाटकावर नवे पहारेकरी होते, पण नियम जुनाच. फाळ काढून द्यायचा. संध्याकाळी मी बुधला न्यायचा. त्यांना हसायला एक म्हातारा मिळाला होता, दरसाल थंडी सरली की वाट बघायचे त्याची. दाजी म्हणायचे, "मातू येईल तेव्हा दगड आपलाच असला पाहिजे." पोरगा जाऊन वर्षं लोटली होती आणि दगडापर्यंतचं ते खरवडणं आता फक्त त्याच्यासाठी चाललं होतं.

माझ्या दुकानात ऱ्हाइनकडून व्यापारी यायचे, लाल भांडी आणि तेल घेऊन. प्रत्येकाला मी विचारायचे, आमच्याकडच्या पोरांची पलटण कुठे पाहिलीत का? मातू नावाचा, डाव्या भुवईवर व्रण? बहुतेक जण मान हलवायचे. या सरत्या हिवाळ्यात सात्तो म्हणून एक आला, बोलका माणूस. त्याने व्रण ऐकताच मांडीवर थाप मारली.

"ओळखतो की! मातू! चांगलं चाललंय त्याचं. तिकडे नवी सीमा आखलीय ना, नाकासमोर सरळ, डोंगर आला तरी वळत नाही. लाकडी खांबांचं कुंपण आहे. तुमच्या पोरांनीच उभारलं. मातू एका फाटकावरचा मुख्य पहारेकरी आहे."

माझे हात ओले होते, ते मी पुसले. मुलगा जिवंत होता. मी सात्तोला आणखी ओतली.

"तिथे एक गंमत असते," सात्तो पुढे म्हणाला. "एक म्हातारा आहे, त्याचं शेत कुंपणात गेलंय, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. दरसाल नांगर घेऊन फाटकाशी येतो. मातू त्याचा फाळ काढून घेतो. नियमच आहे ना, पलीकडे लोखंड नाही न्यायचं. पोरं हसून हसून मरतात."

मी बसले. बसूनच विचारलं, "संध्याकाळी परत देतो का?"

"देतो की. दारू आणली तर. गेल्या वर्षी म्हाताऱ्याकडे नव्हती, तर नाही दिला. तुमचा मातू नियमाला पक्का आहे बरं का."

मी सात्तोला हाकलून दिलं. त्याला कळलंच नाही काय झालं ते, बिचारा माल अर्धवट उतरवून गेला. मग मी चिडले, रडले, पुन्हा चिडले. दाजींना सांगायचं की नाही, हे मला ठरवता येईना. पोरगा जिवंत आहे एवढंच सांगावं असं वाटलं. पण आमच्या घराण्यात दाजींना कोणी कधी अर्धवट सांगून फसवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला रागही होता. ताईच्या खोकल्याचा राग, इतक्या वर्षांच्या बुधल्यांचा राग. मी गेले आणि सगळं सांगितलं.

दाजी चुलीपाशी बसून जुवाचा पट्टा शिवत होते. जिवंत आहे म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. पुढचं ऐकताना हात थांबले नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, अगदी मी विचारलं तेच, "फाळ परत देतो का संध्याकाळी?"

"दारू आणली तर."

"आणि नाही आणली तर?"

"नाही देत."

त्यांनी दोरा दाताने तोडला. कुऱ्हाडीच्या दांड्याची ती म्हण मला इतकी वर्षं ऐकवली होती, ती त्यांनी त्या दिवशी काढली नाही. पट्टा खुंटीला अडकवून झोपायला गेले, अजून उजेड होता तरी.

यंदा थंडी सरली. आम्ही काटेझाडापाशी जमलो, आता जमणारे थोडेच उरलेत. दाजींनी नांगर धरला आणि सरळ, सुंदर तास घालत चरापर्यंत आले. फाटकावरचा पहारेकरी बाहेर येऊन उभाच होता. बैल सवयीने छावणीच्या वाटेकडे वळायला लागले. दाजींनी कासरा ओढला आणि त्यांना परत झाडाकडे वळवलं.

"ए म्हाताऱ्या," पहारेकरी चरापलीकडून ओरडला, "आज पलीकडे नाही जायचं?"

दाजींनी ऐकलं नाही की न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे. पलीकडे दगडापाशी आत्याचे नातू उभे असणार, भिंतीमुळे ते दिसत नव्हते. कोणीतरी विचारायला हवं होतं, म्हणून मीच चराच्या काठावर उभी राहून विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दाजी, तास कोणाचं?"

ते जू सोडत होते. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून मी जवळ जाऊन पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बैलांना पाणी दाखवायला घेऊन गेले आणि काही बोलले नाहीत.